तीन नंबरचा प्लग

गाडी बंद पडली ती नेमकी गॅरेजच्या दारात! माझ्या संशयाला तिथूनच सुरुवात झाली.

म्हणजे बघा ना — बंगळुरात, आमच्या बसवनगुडीत एवढ्या गल्ल्या, एवढी वळणं. आमच्या चंदेरी गाडीनं नेमके त्याच गल्लीत तीन गचके द्यायचे, एक उचकी द्यायची आणि गप्प बसायचं... आणि समोर पाटी, 'राव मोटर वर्क्स'. पाटीखाली एक माणूस फडक्याला हात पुसत उभा. जसा काही आमचीच वाट बघत होता!

"न्यूट्रलमध्ये टाका मॅडम," तो म्हणाला. "मी ढकलतो."

"गाडी आत घ्या असं मी कुठे म्हटलं?"

"बरं, नाही घेत. पण मागे बघा एकदा."

मागे दोन ऑटो आणि एक दुधाची व्हॅन. पहिला ऑटोवाला हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता. "अक्का, स्वल्प पुढे घ्या ना!" तो ओरडला. मी गुपचूप न्यूट्रलमध्ये टाकली.

हे सगळं कन्नडमध्ये चाललं होतं, हे सांगून ठेवते. पुढे त्याचाच घोटाळा झाला.

मी संहिता. विमा कंपनीत गाड्यांच्या क्लेमची बिलं तपासते. न बदललेले बंपर, न लावलेला रंग, एकाच आरशाचं दोनदा बिल — सात वर्षं हेच वाचतेय. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. आणि घरी आल्यावर ती सवय चपलेबरोबर बाहेर काढून ठेवता येत नाही, त्याला मी काय करू?

शिवाय त्या दिवशी प्रश्न साध्या गाडीचा नव्हता, आईचा होता. माझी आई, विमला, निवृत्त मास्तरीणबाई. आठवड्यातून तीन दिवस ही गाडी चालवत आनेकलला जाते आणि तिथल्या कारखान्यांत राबणाऱ्या लोकांच्या दहावीतल्या मुलांना गणित शिकवते. बावीस मुलं आहेत. गुडघ्यामुळे तिला बसच्या पायऱ्या चढवत नाहीत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही. ते शेजारी बसून हवेत ब्रेक मारतात, तेवढंच. आणि आठवड्यापूर्वी होसूर रोडवर गाडीनं गचके दिले तेव्हा मागचा लॉरीवाला अगदी वीतभरावर येऊन थांबला होता.

माझा भाऊ प्रणीत एचएसआर लेआउटला राहतो. गाडी त्याच्या नावावर आहे. त्यानं फोनवर स्पष्ट सांगितलं, "अजून एकदा असं झालं तर गाडी विकणार. आईचं ड्रायव्हिंग बंद." आई उठली. खोलीत जाऊन वह्या तपासत बसली. मला तिचा तो गप्पपणा सहन होईना, म्हणून रजा टाकून मीच गाडी घेऊन निघाले होते. मोठ्या वर्कशॉपनं सकाळीच नऊ हजार दोनशेचा आकडा सांगितला होता — प्लग, कॉइल, सफाई, 'पूर्ण पॅकेज'. तिथून दुसरीकडे विचारायला म्हणून निघाले, आणि हे असं झालं.

त्या माणसानं बॉनेट उघडलं. कॉइल उचलल्या, लांब पाना आत घातला आणि एकेक करत चारही स्पार्क प्लग काढून कागदावर ओळीनं ठेवले. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा लिहिला. एक, दोन, तीन, चार.

"हे बघा, टोकं झिजलीत. यात ठिणगी नीट पडत नाही, म्हणून गचके बसतात. बाकी इंजिन ठणठणीत आहे."

"आणि कॉइल?"

"चांगल्या आहेत."

"सफाई?"

"दोन वर्षं नको."

"मग खर्च?"

"एक प्लग एकशे ऐंशी. चार घ्या. मजुरी दोनशे. नऊशे वीस."

नऊ हजार दोनशे... आणि नऊशे वीस! एक शून्यच कमी. कुठेतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हटलं. महाग सांगणारा निदान सरळ सरळ लुटतो. पण स्वस्त सांगणारा?

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आमची माणसं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आली. बाहेर सगळं कन्नड. मराठी फक्त घरात, आणि दुकानात भाव ठरवायच्या आधी! साडीवाल्यासमोर, भाजीवाल्यासमोर, डॉक्टरासमोरसुद्धा — आम्ही एकमेकींकडे वळतो आणि मराठीत ठरवतो, घ्यायचं की नाही. समोरच्याला काही कळत नाही. आजवर ही युक्ती कधी फसली नव्हती.

म्हणून मी तिथेच, त्याच्यापासून दोन हातांवर उभी राहून आईला फोन लावला.

"आई, नऊशे वीस म्हणतोय... अगं हो, नऊशे! मला तर चोर वाटतो. डुप्लिकेट प्लग घालेल आणि मोकळा होईल. शिवाय हसतो फार. गॅरेजवाल्यानं एवढं हसायचं कारण काय?"

त्यानं मान बॉनेटमध्ये आणखी खाली घातली.

"दिसायला कसा आहे?" आईनं विचारलं.

"आई! मी प्लग बदलायला आलेय."

"तसं नव्हे गं, चेहऱ्यावरून कळतं ना लबाड आहे का ते."

मी नीट बघितलं. तिशीचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर ग्रीसचा एक फराटा. "लबाडच," मी म्हटलं. "पण डोळे बरे आहेत. लबाड माणसांचे असतातच."

बॉनेटमधून खोकल्याचा आवाज आला.

नवे प्लग त्यानं माझ्यासमोर डब्यांतून काढले. डब्यावर छापील किंमत, एकशे ऐंशी. तरी माझं समाधान होईना. आता बसवेल आणि मी पाठ फिरवली की काढून घेईल, नाही कशावरून? मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. जांभळं, चमकीचं.

"हे काय?" तो बघतच राहिला.

"खूण करतेय. नंतर ओळखता यावे म्हणून."

मला वाटलं, आता रागावेल. तो हसला. "रंग छान आहे. पण मॅडम, खूण लोखंडी भागावर करा. पांढऱ्या चिनीमातीला लावू नका हं."

"का बरं?"

"ती स्वच्छच हवी. नाहीतर ठिणगी आत पडायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर पळते."

झालं! माझ्यासारखीला एवढं पुरे होतं. तिथे लावू नका म्हणजे तिथेच काहीतरी गडबड करायची असणार! मी चारही प्लगांच्या लोखंडावर शहाण्यासारखे ठिपके दिले. मग तो फळीवरून काहीतरी घ्यायला वळला, तेवढ्यात तिसऱ्याच्या पांढऱ्या भागावर एक उभी रेघ ओढली. आणि "मला बघू द्या ना कसं करतात" म्हणत तो प्लग मीच पान्यात सरकवला. त्यानं हसून बाजूला होत मला जागा दिली... माझ्या हातांना ग्रीस लागू नये म्हणून फडकंही पुढे केलं.

गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. मी फोनवरून पैसे भरले आणि काउंटरवरच्या बोलक्या डबीनं 'नऊशे वीस रुपये मिळाले' असं कन्नडमध्ये ठणकावून सांगितलं. आणि त्यानं जुने चारही प्लग नव्यांच्या रिकाम्या डब्यांत घालून माझ्या हातात ठेवले.

"याचं मी काय करू?"

"काही नाही. आमच्याकडे जुनं सामान गिऱ्हाइकाला परत देतो. आपलं काय निघालं ते माणसाला दिसायला हवं."

पावतीवर नाव होतं, गिरीराज राव. राव तर बंगळुरात गल्लोगल्ली असतात. मी पावती घडी करून ठेवली.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी त्या गॅरेजला चारदा गेले. कारणं सांगते ना! एकदा टायरमध्ये हवा कमी वाटली. एकदा वायपर करकरत होता. एकदा पावतीची दुसरी प्रत हवी होती... आणि एकदा काहीच नव्हतं, म्हणून 'सहज, नजर ठेवायला' असं मी स्वतःला सांगितलं.

"आज काय मॅडम?" तो विचारायचा.

"आवाज येतोय."

"कुठून?"

"तो शोधायचं काम तुमचं."

मग तो गाडीत बसायचा. बसण्याआधी सीटवर वर्तमानपत्र पसरायचा, स्टिअरिंगला हात लावण्याआधी हात दोनदा पुसायचा. गल्लीतून एक फेरी मारायची, परत यायचं आणि गंभीर चेहरा करून सांगायचं, "आवाज येत नाही. पण उद्या येऊ शकतो. दोन दिवसांनी दाखवून जा."

"गिऱ्हाईक वाढवायची युक्ती चांगली आहे."

"गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले तर युक्ती ना? तीन वेळा आलात, तीनही वेळा फुकट. उलट मीच कॉफी पाजतोय."

खरं होतं ते. समोरच्या उपाहारगृहातून तो दोन कॉफ्या मागवायचा. तेल न लागलेलं एकच स्टूल होतं, ते माझं. एकदा संध्याकाळचा पाऊस कोसळला तेव्हा पत्र्याखाली आम्ही अर्धा तास उभे होतो. पागोळी माझ्या खांद्यावर पडत होती, तर त्यानं जागा बदलली आणि स्वतःचा खांदा भिजू दिला. मी बघितलं. त्यानंही बघितलं, मी बघितलेलं... मग दोघांनीही उगाच गाडीकडे बघायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. बसवनगुडीत फुलवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे मला 'अक्का' म्हणतात. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला हाही 'अक्का' म्हणायचा. मी तेवढी 'मॅडम'. का? मला शिष्ट समजतो की काय?

हे सगळं मी दरवेळी आईला फोनवर सांगायची. तिथूनच, त्याच्यासमोर, मराठीत! "आई, कॉफी पाजतो गं, काहीतरी डाव आहे." "आई, आज निळा शर्ट घातलाय. कशाला घातलाय कोण जाणे, पण... बरा दिसतो." "आई, मला कळतच नाही हा माणूस. इतका चांगला कसा असेल कोणी?" तो समोर बसून नटबोल्ट निवडत असायचा. कान मात्र लाल व्हायचे. मला वाटायचं, कॉफी गरम असेल.

आणि चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी, आनेकलहून परत येताना गाडीनं पुन्हा गचके दिले.

आईनं कशीबशी गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला. आवाज साधाच ठेवला होता तिनं. पण घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. तेवढ्यात अप्पांनी प्रणीतला सांगून टाकलं, आणि प्रणीतनं रविवारी संध्याकाळी गाडी बघायला माणूस बोलावला.

"पुढल्या महिन्यात मुलांची परीक्षा आहे," आई एवढंच म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. शनिवारी सकाळी आईला शेजारी बसवून, गचके खात मी ती गाडी गॅरेजवर आणली. माझ्या आईचा जीव धोक्यात घातला या माणसानं! आणि मी मूर्ख, त्याच्या निळ्या शर्टाचं कौतुक करत बसले. राग त्याचा होता की माझा, तेही कळत नव्हतं.

"तुमचे प्लग डुप्लिकेट होते," मी गाडीतून उतरता उतरता म्हटलं. कन्नडमध्ये, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं.

त्याचं हसू मावळलं. पहिल्यांदाच. "बघतो," म्हणाला.

"आई, तू बघच आता," मी मराठीत सुरू केलं. "म्हटलं नव्हतं मी, चोर आहे? गोड बोलून, कॉफी पाजून... माझीच अक्कल गहाण पडली होती."

पहिला प्लग निघाला. ठिपका होता, थोडा करपलेला, पण जांभळा. दुसराही तसाच. मग तिसरा. तो त्यानं उजेडात धरला आणि धरूनच उभा राहिला.

पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत माझी चमकीची रेघ होती. आणि त्या रेघेच्या बाजूनं एक बारीक काळी वाट जळत गेलेली. ठिणगी बाहेरच्या बाहेर पळाली होती. अगदी त्यानं सांगितलं होतं तशी.

 प्लग चांगले होते. गाडी बिघडवली होती ती मी! शुक्रवारी आनेकलहून येताना आईला गचके बसले ते माझ्यामुळे.

त्यानं माझ्याकडे बघितलं. आता बोलेल, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं... बोलायलाच हवं होतं. पण तो आईकडे वळला.

"मावशी, चूक माझी आहे. मी पाठ फिरवायला नको होती. आणि बसवायच्या आधी बघून घ्यायला हवं होतं."

स्वच्छ मराठीत. आमच्या घरातल्यासारख्याच, हेल काढून बोललेल्या जुन्या मराठीत!

आईचा हात तोंडावर गेला. मी गाडीला धरून उभी राहिले. चोर. लबाड. डोळे बरे आहेत. निळा शर्ट. इतका चांगला कसा असेल कोणी... एकेक वाक्य आठवत गेलं आणि कानांच्या पाळ्या पेटल्या.

"तुम्हाला... मराठी येतं?"

"घरात तीच बोलतो. आजी अंबुबाई दुसरी भाषा बोलूच देत नाही."

"पहिल्या दिवसापासून?"

"जन्मापासून," तो हळूच म्हणाला.

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू होतं, आणि तेच मला झोंबलं. लाज वाटली की मला राग येतो. वाईट खोड आहे, पण आहे.

"म्हणजे चोरून ऐकत होतात तुम्ही! जुने प्लग तेवढे परत देता, आपलं काय निघालं ते दिसायला हवं म्हणता... आणि एवढी मोठी गोष्ट लपवलीत? मी म्हणत होते ते काय खोटं होतं? लबाडच आहात."

"पहिल्या दिवशी सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही चोर म्हणालात. म्हटलं, आता सांगितलं तर तुम्हालाच ओशाळवाणं होईल." त्यानं फडक्याची घडी घातली, उलगडली. "आणि नंतर... नंतर सांगवेना. सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासमोर बोलणं बंद केलं असतं."

"प्लग बदला. किती झाले ते सांगा."

"एकशे ऐंशी. पण नको, राहू—"

"एकशे ऐंशी!" मी फोन डबीसमोर धरला. डबी ठणकावून बोलली. नवा प्लग बसला आणि मी गाडी काढली ती त्याच्याकडे न बघता.

वळण पार झाल्यावर शेजारून फिसफिस आवाज आला. मला वाटलं आई रडतेय. ती हसत होती! पदरानं डोळे पुसत हसत होती.

"आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"नेलपॉलिश... संशय घ्यावा गं, पण इंजिनात घालावा?" मग तिनं हसू आवरलं. "संहिता, त्यानं लपवलं ते चुकलंच. पण आत्ता बिघाड कोणाचा होता हे तुला आणि त्यालाच माहीत होतं. त्यानं तो स्वतःवर घेतला. तू कोणाला सांगणार आहेस?"

मी गिअर बदलला. पण घरी पोचल्यावर प्रणीतला फोन लावला. आजवर आयुष्यात भावासमोर मी चूक कबूल केलेली नाही, तो जन्मभर चिडवत बसतो म्हणून. तरी सांगितलं सगळं. नेलपॉलिश, रेघ, काळी वाट... पलीकडे तो असा हसला की अप्पा खोलीतून बाहेर आले.

"म्हणजे मेकॅनिक चोर नाही, माझी बहीण वेडी आहे?"

"हो. आणि आईची काही चूक नाही. गाडीचीही नाही. उद्याच्या माणसाला येऊ नको म्हणून सांग."

"सांगतो, पण एका अटीवर. उद्या मी आईबरोबर आनेकलला जाऊन येणार. एक जरी गचका बसला तरी विकणार."

रविवारी सकाळी आई चालवायला, प्रणीत शेजारी, मी मागे. मी सगळा रस्ता कान इंजिनाला लावून बसले होते. एक नाही, अर्धा नाही! आईनं लॉऱ्यांच्या मधून अशी गाडी काढली की परतीच्या वाटेवर प्रणीत झोपला. त्याला एचएसआरला सोडलं तेव्हा डोळे चोळत म्हणाला, "ठीक आहे. ठेवा गाडी." आईनं आरसा सारखा केला. तिचा चेहरा मला आरशात दिसला, आणि मला रडूच आलं.

बसवनगुडीत शिरल्यावर आईनं घराचं वळण सोडून दिलं.

"आई, कुठे?"

"टायरमध्ये हवा कमी वाटतेय," ती म्हणाली.

रविवारी दुपारनंतर गल्ली निवांत होती. गिरीराज शटर ओढायच्या बेतात होता. गाडी बघून थांबला. निळाच शर्ट होता. कन्नडमध्ये, अगदी परक्यासारखं विचारलं त्यानं, "नमस्कार. काय प्रॉब्लेम आहे?" आईनं खिडकीतून टायरकडे बोट दाखवलं आणि मी खाली उतरेपर्यंत त्यानं हवेचा पाइप उचलला.

त्या कन्नडनं मला जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशानं लागलं नसतं. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. आता त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं विसरले. माफी मागायची तर कुठल्या भाषेत, तेही सुचेना. मग मला एकच गोष्ट येत होती, ती मी केली. त्याच्याकडे पाठ केली, आईकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले. जसं काही त्याला कळतच नाही.

"आई, या माणसाला मी चोर म्हणाले होते."

आईनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. "हो. तीनदा," ती म्हणाली.

"ते चुकलं. प्लग अस्सल होते. भाव सरळ होता. माझ्या खुळेपणाचं खापर त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी त्याला गल्लीत ओरडले. मला फार वाईट वाटतंय, आई."

मागे हवेचा पाइप फुसफुसत होता. तो थांबला.

"आणि डोळे?" आईनं अगदी साळसूदपणे विचारलं.

"आई!"

"नाही, भाव ठरवताना सगळं बघावं लागतं."

"डोळ्यांचं म्हणाले होते ते खरं आहे." माझा आवाज इतका बारीक झाला की मलाच ऐकू येईना. "पहिल्या दिवसापासून तेवढं एकच खरं बोलत होते. तो मला आवडतो, आई. चार वेळा गेले ना, गाडीला काही झालं नव्हतं. पण आता... त्याला सांगायचं कसं?"

गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला मागे वळायचं धाडस होईना.

"मावशी," मागून आवाज आला. मराठीत. तोही माझ्याशी बोलत नव्हता, आईशीच बोलत होता. "तुमच्या मुलीला एक सांगाल?"

"सांग की."

"या गल्लीतल्या प्रत्येक बाईला मी अक्का म्हणतो. तिला एकदाही म्हटलं नाही. म्हणवतच नव्हतं. जगातल्या सगळ्या गोष्टींचा संशय घेतला तिनं, तेवढा एकच घ्यायचा राहिला."

मी वळले. तो हवेचा पाइप हातात धरून उभा होता आणि त्याचे कान, आता कॉफी नव्हती, तरी लाल होते.

"सरी, ठीक आहे," आई दार उघडून उतरली. "तुम्ही दोघं हवा बघा. मी समोर कॉफी पिऊन येते." आणि गुडघ्याची अजिबात तक्रार न करता ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

आम्ही दोघंच राहिलो. बोलायला एक सोडून दोन भाषा, आणि दोघांच्याही तोंडून शब्द फुटेना. शेवटी मीच सुरुवात केली. दुसरं काय येतं मला?

"कालचा जुना प्लग परत दिला नाहीत तुम्ही. तीन नंबरचा."

"तुम्ही थांबला कुठे होतात?"

"आता थांबलेय. द्या."

त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. त्याच्या तळहातावर तो प्लग होता, माझ्या जांभळ्या रेघेचा. पुसून लख्ख केलेला, रेघ मात्र तशीच ठेवलेली. मी हात पुढे केला तर त्यानं मूठ मिटली.

"हा नाही देणार."

"का? तुमच्याकडे जुनं सामान गिऱ्हाइकाला परत देतात ना?"

"गिऱ्हाइकाला देतात."

मला अर्थ कळला. पण मी संहिता आहे, इतक्या सहज सोडते की काय! "म्हणजे दुसऱ्याची वस्तू खिशात घालून फिरता," मी म्हटलं. "मग मी पहिल्या दिवसापासून बरोबर बोलत होते. चोर आहात तुम्ही."

"हो," गिरीराज म्हणाला, आणि तो प्लग पुन्हा खिशात ठेवला.